बोटीवरची दाद

बाबांच्या तोंडून ‘वा!’ निघालं आणि पुढच्याच क्षणी वेटर शेजारी येऊन उभा राहिला. ‘सर, काही हवंय का? एव्हरीथिंग ओके?’ काळं जाकीट, किंचित वाकलेली मान आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. याला काय सांगायचं ते बाबांना कळेना. त्यांनी डेकच्या टोकाला वाजवत असलेल्या सॅक्सोफोनवाल्याकडे हात केला. वेटरने वळून तिकडे पाहिलं, पुन्हा बाबांकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘व्हॉल्यूम कमी करायला सांगू का, सर?’

‘नको नको, वाजवू दे त्याला,’ बाबा म्हणाले. वेटर ‘सॉरी सर’ म्हणून गेला. शेजारच्या टेबलांवरच्या दोन-तीन माना आमच्याकडे वळल्या होत्या, त्याही परत आपापल्या ताटल्यांकडे वळल्या. यात त्या मुलाची काही चूक नाही. अशा ठिकाणी टेबलावरून मोठ्याने आवाज आला की ती तक्रारच असते, असं त्याला शिकवलेलं असणार, आणि बहुतेक वेळा ते खरंही असणार. पण पुण्याला परत आल्यावरही त्याचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ऐकणाऱ्याला एखादी जागा भिडली, त्याने ती भिडल्याचं तोंडाने सांगितलं, आणि ते ऐकून कुणाला वाटलं की याला आवाजाचा त्रास होतोय. इतकं सुंदर संगीत, इतकी सुंदर संध्याकाळ, आणि मधे हे असं कसं काय येऊन बसलं?

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची ती भेट होती. घरी शांत, दिव्यांनी औक्षण, जवळच्यांचं जेवण हे सगळं रीतसर झालं होतंच. माझी लेक मुंबईत नोकरी करते. तिला आजोबांना काहीतरी निराळं द्यायचं होतं. बाबा आयुष्यभर पाटबंधारे खात्यात, पाणी हा त्यांचा विषय, आणि गाणं हा त्यांचा श्वास. तेव्हा पाणी आणि संगीत दोन्ही एकत्र मिळेल असं म्हणून तिने गेटवेवरून सुटणाऱ्या बोटीची तिकिटं काढली. सूर्यास्त, जेवण आणि प्रत्यक्ष वाजणारा जॅझ. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि वर ते खास सवाई गंधर्व महोत्सवाला जाताना घालतात ते खादीचं जाकीट घातलं. थंडी संपत आली होती, पण पाण्यावर वारा चांगलाच बोचरा होता. टेबलक्लॉथ उडू नयेत म्हणून स्टीलच्या चिमट्यांनी धरून ठेवलेले, काचेच्या डब्यांत बॅटरीवर मिणमिणणारे दिवे, डिझेलचा वास आणि त्यातूनच मधे मधे येणारा लसूण-लोण्यात भाजलेल्या कोळंबीचा वास. बोटीने धक्का सोडला तसं पायाखालून इंजिनाची एकसारखी घरघर सुरू झाली. बाबा थोडा वेळ कान देऊन बसले आणि म्हणाले, ‘काळी दोन.’ म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर.

मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला आहे. म्हणजे इथून सूर्य समुद्रात बुडत नाही, तो शहरामागे जातो. चौपाटीवरची माणसं त्या वेळी पाण्याकडे तोंड करून उभी असतील, आम्ही पाण्यावर बसून शहराकडे पाहत होतो. एका बाजूला नौदलाच्या राखाडी बोटी, मागे पुसट झालेली घारापुरी, आणि समोर ताज हॉटेलच्या घुमटाची कडा हळूहळू काळी होत चाललेली. त्याच्या मागचं आकाश आधी केशरी, मग गुलाबी, मग धुरकट जांभळं. सगळ्यांचे मोबाइल एकदम वर झाले. लेकीने आजोबांचा फोटो काढला, तो खरंच छान आला आहे, फ्रेम करून लावलाय. चौघांच्या बँडने, सॅक्सोफोन, कीबोर्ड, उभा मोठा बास आणि ड्रम्स, तेव्हा काहीतरी अगदी संथ धरलं होतं.

‘मारव्याची वेळ,’ बाबा पुटपुटले.

मारवा त्यांचा फार लाडका. पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, तर असा दूर ठेवायचा की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. दिवस आणि रात्र यांच्या मधल्या वेळेचं ते अधांतरीपण या रागात जसं येतं तसं दुसरीकडे कुठे येत नाही, असं ते लहानपणापासून मला सांगत आलेत. मला वाटलं, आता त्यांना हे परकं संगीत पचणार नाही. सूर्य गेला, दिवे जरा उजळले, वादकांनी लय थोडी वाढवली. सॅक्सोफोनवाला चाळिशीचा असेल. त्याने मूळ धून एकदा साधी, सरळ वाजवली, ओळख करून द्यावी तशी. मग तो तिच्यापासून दूर जायला लागला. कधी तिचा एखादा तुकडा धरून खाली ओढायचा, कधी दोन सुरांमध्ये थांबून राहायचा. बाबांचा हात टेबलावर आला आणि बोटं हलायला लागली. आणि मग एका ठिकाणी त्याने गंधार, म्हणजे ‘ग’, धरला. तो कोमल नव्हता, शुद्धही नव्हता. कोमलापासून वर चढत शुद्धाच्या अलीकडेच तो थांबला, तिथे श्वास पुरेल तितका वेळ झुलवला आणि एकदम उतरून षड्जावर आला. जॅझवाले त्याला ब्लू नोट म्हणतात. पियानोवर ती मिळत नाही, तिच्यासाठी श्वासाचं किंवा तारेचं वाद्य लागतं, नाहीतर गळा. बाबांचं ‘वा!’ नेमकं तिथे आलं. आणि मी पाहिलं, सॅक्सोफोनवाल्याने मिटलेले डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं, आणि तोच सूर दुसऱ्या वाटेने येऊन पुन्हा लावला. बाबांसाठी. वेटर पोचला तो त्यानंतर.

ज्या घुमटामागे सूर्य गेला, त्या इमारतीत हे संगीत आपल्याकडे रुजलं. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक आले. त्यांचं ऐकून शिकले ते गोव्याचे तरुण. चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवलेलं असायचं, व्हायोलिन किंवा ट्रम्पेट हातात दिलेलं असायचं. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ त्यांतलाच. तो चिक चॉकलेट या नावाने वाजवायचा आणि लोक त्याला त्या प्रसिद्ध अमेरिकन ट्रम्पेटवादकाच्या नावावरून हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचा आणि दिवसा स्टुडिओत जाऊन हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवायचा, असं या मंडळींचं आयुष्य. आणि स्टुडिओत त्यांच्याशी मैत्र जमलेला एक संगीतकार कोण, तर पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेला. १९५१च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटचा अख्खा बँड पडद्यावर आणला, आणि समोर नाचायला आपले भगवानदादा. बाबा तेव्हा सहा-सात वर्षांचे. पेठेतल्या गणपतीत पोरं भगवानदादांसारखी नाचायची, आणि त्यात आपण होतो, असं ते अभिमानाने सांगतात. म्हणजे जॅझ बाबांना परका कधीच नव्हता. तो त्यांच्या अंगात होता, फक्त त्याला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती.

बोटीचं आणि जॅझचंही नातं जुनं आहे. पहिल्या महायुद्धानंतर मिसिसिपी नदीवर स्ट्रेकफस कुटुंबाच्या मोठमोठ्या सहलीच्या बोटी चालायच्या, संध्याकाळी नदीवर फेरी आणि डेकवर नाच. फेट मॅरेबल नावाचा कडक शिस्तीचा पियानोवादक त्यांवर बँड चालवायचा. १९१९पासून पुढची दोन-अडीच वर्षं त्याच्या बँडमध्ये कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य वाजवणारा एक तरुण होता, लुई आर्मस्ट्राँग. कानाने अफाट वाजवणाऱ्या या मुलाला कागदावरचं संगीत वाचायची सवय लागली ती बोटीवर. वाजवणारे सगळे काळे, नाचणारे गोरे. सेंट लुइसमध्ये काळ्या लोकांना त्या बोटीवर प्रवासी म्हणून यायचं तर आठवड्यातला एक सोमवार. हे वाचलं तेव्हा मला घास गिळवेना. तरीही त्या डेकवर एक गोष्ट होती, जी आमच्या डेकवर नव्हती. तिथे लोक नाचत होते. वादकाला समोर पाय दिसत होते. पाय जड झाले की त्याला कळायचं, उडायला लागले की त्याला कळायचं. पुढे १९६४ साली हाच आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेला, तेव्हा त्याच्यासमोर बसून ऐकणारे लोक होते. पण बसून ऐकणारेही टाळ्या देतात, ओरडतात, हुंकार देतात. जॅझ मुळात सवाल-जवाबातूनच आलेला आहे. शेतात एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. चर्चमध्ये पाद्र्याने वाक्य म्हणायचं आणि समोरून ‘होय!’ यायचं.

आणि आपण तरी कुठे गप्प बसून ऐकणारी माणसं आहोत? नाटकातल्या पदाला वन्स मोअर देऊन देऊन बालगंधर्वांना पहाटेपर्यंत गायला लावणारे लोक याच पुण्यातले. १९५३ साली भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. माझं बालपण त्या मांडवात गेलं. आईची शाल, थर्मास, भारतीय बैठकीवर पसरलेली आमची सतरंजी, आणि मध्यरात्रीनंतर मी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. झोपेतही मला कळायचं की गाणं कुठवर आलंय, कारण बाबांची मांडी ताल धरायची आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, छातीतून एक आवाज यायचा. मागून कुणीतरी ‘क्या बात है’ म्हणायचं, त्याच्या मागून कुणी नुसतंच ‘हाय!’ दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आला आणि रात्रभराच्या त्या मैफली गेल्या, पण दाद नाही गेली. आणि खाणं म्हणाल तर सवाईच्या आवारातही असतं. बटाटेवडे, साबुदाणा खिचडी, वाफाळता चहा. तेव्हा जेवता जेवता संगीत ऐकणं यात मला काही पाप दिसत नाही. लक्ष्मी रोडला विसर्जन मिरवणुकीत प्रभात किंवा दरबार बँड थांबून एखादी चाल वाजवतो तेव्हा लोक तोंडात भेळ असताना शिट्या मारतात. तिथे क्लॅरिनेटवाला बरोबर ओळखतो की कुठल्या कोपऱ्यावर थांबायचं आणि कुठे पुढे सरकायचं.

मग त्या डेकवर नक्की काय हरवलं होतं? मी बरेच दिवस याचा विचार करत राहिले. एकदा वाटलं, श्रीमंती. पण ते काही खरं नाही. ताजच्या नाचघरात गरीब लोक थोडेच येत होते. आणि त्या तिकिटांच्या पैशांतूनच त्या चार वादकांची चूल पेटते आहे, हे विसरून कसं चालेल? शिवाय मला ती संध्याकाळ आवडली होती. अंधार पडल्यावर शहराचे दिवे पाण्यात लांबच लांब उतरले, तेव्हा लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, असं ती कित्येक वर्षांत बसली नव्हती. तेव्हा मागे वाजणारा तो बास, त्याचे ते जड, सावकाश पडणारे सूर, ते नसते तर तो क्षण तसा झाला नसता. म्हणजे मागे वाजणाऱ्या संगीताचाही माणसाला उपयोग होतो. फक्त ते कुणीतरी या क्षणी श्वास खर्चून वाजवतोय, हे जाणवेनासं झालं की मला त्रास होतो. समोर माणूस बसवायचा, आणि त्याने स्पीकरसारखं असावं, लक्ष वेधू नये, उत्तराची अपेक्षा करू नये, असं ठरवायचं. ज्या संगीताचा जन्मच उत्तरातून झाला, त्याच्यावर हे ओझं फार वाईट दिसतं.

बाबांना नावेवरची संध्याकाळ तशी नवी नाही. ते सीओईपीचे, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, साठच्या दशकातले, आणि संगमाजवळच्या त्या बोट क्लबवर वल्हं मारून त्यांच्या तळहाताला जे घट्टे पडले होते ते आईने लग्नानंतरही पाहिलेत म्हणे. १९२८पासून तिथे रेगाटा, म्हणजे नौकांचा मेळावा, भरते. मीही लहानपणी काठावर बसून पाहिली आहे. उजेड कमी होत जातो, पंट म्हणजे सपाट तळाच्या नावांवरची मुलं उभी राहून रांगा बांधतात, कयाक वळणं घेतात, आणि अंधार पडला की पाण्यावरून मशाली फिरतात. वल्ह्यांचा आवाज, काठावरून आपापल्या हॉस्टेलच्या नावाने आरोळ्या. बाबा सांगतात, दमून हात गळून पडायची वेळ यायची, पण काठावरून कुणी आपलं नाव घेऊन ओरडलं की वल्हं आपोआप खोल जायचं. आता तिथल्या पाण्याला वास येतो, जलपर्णी दाटते, मुलं तरीही उतरतात. त्या मुलांचं मला फार कौतुक आहे.

बोट परत गेटवेला लागत होती तेव्हा वादक वायरी गुंडाळत होते. बाबा उठले आणि थेट त्यांच्याकडे गेले. मी मागोमाग. बाबांनी हिंदीत सुरुवात केली, तर तो सॅक्सोफोनवाला हसून म्हणाला, ‘काका, मराठीत बोला, मी वसईचा.’ त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, तोही तिथेच सुरू झाला, मग चर्चच्या ऑर्केस्ट्रात, मग हॉटेलांत. बोटीवर थंडीचे महिने काम असतं, पावसाळ्यात बोटी बंद. ‘इथे पैसे वेळेवर मिळतात, लोक चांगले वागतात,’ तो म्हणाला. सॅक्सोफोनच्या तोंडातली रीड पुसत होता. ‘पण वरातीत नाचणारा माणूस समोर असतो ना, त्याच्या पायाकडे बघून वाजवायचं असतं. इथे तीन सेट वाजवून घरी जातो आणि आज काय वाजवलं ते आठवत नाही. आजचं आठवेल.’ बाबांनी त्याला विचारलं, तो गंधार तू कुठून आणलास? तो म्हणाला, वडिलांकडून, ते तसाच लावायचे. मग दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. बाबांनी त्याचं नाव मोबाइलमध्ये स्वतः टाइप केलं, त्याला बराच वेळ लागला, तो थांबून राहिला.

पुण्याला आल्यावर बाबांनी ही गोष्ट कमला नेहरू पार्कच्या बाकावर सांगितली. तिथली त्यांची मंडळी सगळी सवाईतली, अनेक वर्षांची. त्यांतल्या पेटीवाल्या काकांना तो सूर काही मान्य होईना. एके दिवशी दुपारी ते आमच्या घरी आले, पेटी उघडली आणि बाबांना म्हणाले, ‘गा बघू.’ बाबांनी थरथरत्या गळ्याने जमेल तसा लावला. काकांनी कोमल गंधाराची पट्टी दाबली, मग शुद्धाची, मग दोन्ही एकदम, आणि पेटीचा भाता सोडून म्हणाले, ‘यात नाही हो तो.’ त्यावर बाबांनी वसईला फोनच लावला. स्पीकरवर. तिकडे कुठेतरी मूल रडत होतं, कुकरच्या शिट्या होत होत्या. त्याने दोन मिनिटं थांबा म्हणून सॅक्सोफोन काढला आणि वाजवून दाखवलं. फोनमधून तो सूर अगदी चिरका आला, तरीही काकांनी मान हलवली.

आता त्याला घरी बोलावायचं ठरलं आहे. आमच्या दिवाणखान्यात दाटीने बसलं तर वीस-पंचवीस माणसं मावतील. आईच्या सतरंज्या माळ्यावरून काढून उन्हात घातल्या. मानधन किती द्यायचं यावर बाकावर मोकळेपणाने चर्चा झाली आणि सगळ्यांनी वाटा उचलला. शनिवार-रविवार त्याची बोट असते, म्हणून सोमवारची संध्याकाळ. बाबांनी फोनवर विचारलं, ‘साथीला तबला चालेल का? आमच्याकडे चांगले तबलजी आहेत.’ तो म्हणाला, चालेल की, पण त्यांना सांगा, चार मात्रांत वजन दुसऱ्या आणि चौथीवर ठेवायचं, पहिलीवर नाही. बाबांनी निरोप दिला. तबलेवाले काका ऐकून अस्वस्थ झाले. ‘समेवर वजनच नाही? मग उभं राहायचं कुठे?’ ते बोटांनी चहाच्या टेबलावर वाजवून पाहायला लागले, चुकले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा चुकले. शेवटी बाबांना म्हणाले, ‘त्याला म्हणावं, सोमवारी दुपारच्याच गाडीने ये. लोक येण्याआधी आम्हाला दोन तास बसायला लागेल.’